माझे आवडते चित्रपट आणि एक तबकडी

गेल्या जून महिन्यात शाळा उघडल्यावर नववीच्या वर्गात पहिल्याच तासाला एका विद्यार्थ्याने उभे राहून मजला विचारले, "सर, तुमचा आवडता चित्रपट कोणता?" धडा सुरू होण्यास जितका उशीर करता येईल तितका करावा, हा त्या प्रश्नामागील हेतू मी ओळखला; कारण त्याच वर्गात, त्याच बाकांवर बसून आम्हीही आमच्या गुरुजनांवर हाच प्रयोग करीत असू. तथापि मी उत्तर दिले. "संत तुकाराम," मी म्हणालो, "१९३६ सालचा." वर्गात हशा पिकला. मागल्या बाकावरून कोणी तरी हळूच म्हणाले, "सर त्या वेळी कितवीत होते?" त्यावर तर मलाही हसू आवरले नाही.

त्या दिवशी मी पुढे काही बोललो नाही व व्याकरणाचा धडा सुरू केला. परंतु तो प्रश्न मनात राहून गेला. नव्वद वर्षांपूर्वीचा, काळा-पांढरा, मधूनमधून खरखरणारा चित्रपट एका ख्रिस्ती शिक्षकास सर्वांहून प्रिय का असावा, याचे खरे उत्तर एका वाक्यात देण्याजोगे नव्हते. वार्षिकाच्या संपादकांनी लेख मागितला, तेव्हा ते उत्तर येथेच लिहावे असे योजिले.

प्रथम आमच्या घराविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. माझे आजोबा अहमदनगर जिल्ह्यातील खेड्यांतून उपदेशकाचे काम करीत. (त्या शहरास व जिल्ह्यास आता अहिल्यानगर म्हणतात, पण आजोबांच्या गोष्टीतले गाव नगरच.) त्यांचे शिक्षण बेताचे होते, परंतु गळा गोड होता व टाळ धरण्याची हातोटी उत्तम होती. आमच्या मंडळीत कीर्तनाची चाल जुनी आहे. पूर्वरंग, उत्तररंग, अभंग, साकी, दिंडी हे सारे कायम ठेवून आख्यान मात्र शुभवर्तमानातील लावावयाचे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी ही रीत आपल्या लेखणीने व वाणीने किती संपन्न केली, हे वडील मंडळींस सांगावयास नको. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, आणि आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे ते म्हणत. आजोबांस हे वाक्य फार आवडे. कोणी शेतकरी कीर्तनानंतर वाद घालू लागला तर ते एवढेच सांगून हसत व तंबाखूची चंची पुढे करीत.

आजोबांचे ठरलेले एक कीर्तन मोहरीच्या दाण्यावर होते. सर्व बीजांत लहान असा तो दाणा वाढून त्याचे झाड होते आणि आकाशातील पाखरे येऊन त्याच्या फांद्यांवर राहतात, हा मत्तयाच्या तेराव्या अध्यायातील दाखला. या कीर्तनात ते एका बीजाचा व त्यापासून झालेल्या वृक्षाचा एक अभंग म्हणत. मी पाच-सहा वर्षांचा असेन. कंदिलाच्या उजेडात सतरंजीवर आईच्या मांडीशी बसून मी तो ऐके. तो आपल्याच उपासनेच्या पुस्तकातला असावा असे मी धरून चाललो होतो. इतर गीते जशी पुस्तकात तसे हेही.

आजोबांजवळ किल्लीने चालणारा एक ग्रामोफोन होता. नगरच्या एका निवृत्त मिशनरी बाईंनी मायदेशी परतताना तो त्यांस दिला असे घरात सांगत. त्याबरोबर इंग्रजी स्तोत्रगीतांच्या पंधरा-वीस तबकड्या आल्या. हल्लीच्या मुलांनी तसली तबकडी हातातही घेतली नसेल. ती लाखेची असे. जड, काळी आणि काचेसारखी ठिसूळ. यंत्रावर ती मिनिटास ७८ फेरे घेई व एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे. तेवढ्यात गवयास आपले सर्वस्व सांगावे लागे. आपल्या देशात अशा तबकड्यांचे मुद्रण १९०२ साली कलकत्त्यास प्रथम झाले. गौहरजान नावाची थोर गायिका त्या वेळी गाण्याच्या अखेरीस आपले नाव इंग्रजीत सांगून थांबे, म्हणजे परदेशातील कारखान्यात तबकडी कोणाची हे ओळखता यावे. मैफलीत रात्रभर चालणारा राग तीन मिनिटांत बसविणे ही त्या पिढीची एक वेगळीच विद्या होती. पुढे दीर्घकाल वाजणाऱ्या तबकड्या आल्या, मग फिती आल्या, आणि आता तर खिशातल्या दूरध्वनीत लक्षावधी गाणी राहतात. मी त्यास नावे ठेवीत नाही, मीही ती ऐकतो. परंतु ज्या गाण्यासाठी आधी किल्ली फिरवावी लागे, सुई बदलावी लागे व धूळ पुसावी लागे, ते ऐकताना मनुष्य दुसरे काही करीत नसे, इतके खरे.

त्या इंग्रजी तबकड्यांच्या तळाशी एक मराठी तबकडी होती. तिच्यावर तपकिरी कागदाचे वेष्टन होते व त्यावर आजोबांच्या हातचे काही नव्हते. एरवी प्रत्येक वेष्टनावर ते पेन्सिलीने गीताचा क्रमांक लिहीत. आजोबा १९८८ साली वारले. त्यानंतर ग्रामोफोन, तबकड्या व त्यांचे टाळ माझ्या वडिलांकडे आले. माझे काका, म्हणजे वडिलांचे धाकटे बंधू, नगरास छापखान्यात नोकरीस होते. त्यांनी आजोबांची आठवण म्हणून ती एकच तबकडी मागितली. वडील म्हणाले, "सध्या राहू दे. सावकाश पाहू." काकांनी पुन्हा मागितली नाही.

वडील मुख्याध्यापक होते. त्यांच्या न्यायबुद्धीविषयी गावात दुमत नव्हते, पण सिनेमा या विषयावर त्यांचे मत पक्के होते. त्यांच्या बालपणी मंडळीतील काही तरुण तंबूतल्या सिनेमापायी बिघडले असे त्यांनी पाहिले होते, व तेव्हापासून पडदा हा शब्द त्यांच्या लेखी एकाच अर्थाचा झाला. आमच्या घरी दूरदर्शनचा संच नव्हता. गंमत अशी की, आमच्या आजीस या बाबतीत एक अपवाद मान्य होता. शाहू मोडक हा नगरच्या ख्रिस्ती कुटुंबातला मुलगा. १९३२ सालच्या 'श्यामसुंदर'मध्ये तो बाळकृष्ण झाला, आणि १९४० साली 'संत ज्ञानेश्वर' या चित्रपटात ज्ञानेश्वर झाला. पुढे तर त्याने इतक्या वेळा कृष्णाचे काम केले की लोक त्याच्या तसबिरीस हार घालीत. आजीने त्यांपैकी एकही चित्रपट पाहिला नव्हता. पण शेजारीपाजारी विषय निघाला म्हणजे ती मान ताठ करून म्हणे, "आपल्या नगरचं पोर ते." वडील त्या वेळी वर्तमानपत्र अधिक उंच धरीत.

१९९२ साल होते. मी बारा वर्षांचा होतो. शनिवारी सायंकाळी शेजारच्या टपालखात्यातील गृहस्थांकडे आळीतील सारी मुले चित्रपट पाहावयास जमत, आणि शनिवारी सायंकाळीच आमच्या गायनमंडळाची तालीम असे. नाताळ जवळ आला होता. एके शनिवारी 'संत तुकाराम' लागणार असल्याचे वर्गमित्रांनी सांगितले. मी वडिलांस "तालमीला जातो" असे सांगून निघालो, मंदिराच्या वळणापर्यंत गेलो, आणि तेथून मागल्या बोळाने शेजाऱ्यांच्या घरी शिरलो.

त्या चित्रपटाचे मी काय वर्णन करू? विष्णुपंत दामले व शेख फत्तेलाल या दोघांनी तो प्रभात कंपनीसाठी दिग्दर्शित केला. फत्तेलालांस सारे साहेबमामा म्हणत. कोल्हापुरात १९२९ साली निघालेली ही कंपनी १९३३ साली पुण्यास आली, आणि तिच्या त्याच आवारात पुढे १९६० साली सरकारने चित्रपटविद्येची संस्था काढली. ती आजही तेथे आहे. मुंबईत एकाच चित्रपटगृहात 'संत तुकाराम' वर्षाहून अधिक काळ चालला, व १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. ही माहिती मला फार पुढे मिळाली. बारा वर्षांच्या मुलास दिसले ते एवढेच, की पडद्यावरचा मनुष्य गात नव्हता, तर बोलता बोलता त्याचे बोलणे गाणे होत होते. तुकोबांचे काम करणारे विष्णुपंत पागनीस एके काळी रंगभूमीवर स्त्रीभूमिकांसाठी नावाजलेले होते. त्यांच्या मुखावर जो एक मार्दवाचा भाव आहे तो तेथून आला असेल का, असे मला आता वाटते.

पण त्या चित्रपटाचा खरा प्राण मला आवलीत दिसतो. गौरी नावाच्या नटीने ते काम केले आहे. मूल आजारी आहे, घरात दाणा नाही, नवरा भजनात दंग आहे. तेव्हा ती त्या मुलास ओढीत देवळात नेते आणि हातात वहाण घेऊन देवासच जाब विचारते. आमच्या घरी देवाशी असे कोणी बोलत नसे. मी थरथरलो. परंतु माझी आईही महिनाअखेरीस डबे खडखडवीत वर पाहून काही पुटपुटत असे, ते मला त्याच क्षणी आठवले. आणि शेवटी तुकोबा विमानातून वैकुंठास जातात तेव्हा आवली मुलांसह मागेच राहते. त्या विमानाची योजना आजच्या मुलांस पोरकट वाटेल. मलाही चमत्कारांचे प्रसंग आता पाहताना थोडे लांबल्यासारखे वाटतात. 'संत ज्ञानेश्वर' पाहताना तर ते फारच जाणवते. तेथे चमत्कार पुष्कळ आणि घर थोडे. 'तुकाराम'मध्ये घर आहे.

तर मूळ गोष्ट अशी. चित्रपटात एके ठिकाणी तुकोबा गाऊ लागले, आणि मी जागच्या जागी गार झालो. ते माझ्या आजोबांचे गाणे होते! तोच बीजाचा अभंग, तीच चाल. मोहरीच्या दाण्याचे आमचे गाणे हा गंध लावलेला, वीणा घेतलेला मनुष्य कसे म्हणतो, हे मला कळेना. आपली वस्तू दुसऱ्याच्या घरात दिसावी तसे वाटले. घरी येताना वाटेत मी ठरविले की, तळाशी असलेली ती निनावी तबकडी ऐकलीच पाहिजे.

पुढच्या बुधवारी दुपारी घरात कोणी नव्हते. मी पेटीतून तबकडी काढली, किल्ली फिरविली, सुई टेकविली. तीच होती ती. पागनीसांचा आवाज, तोच अभंग. आजोबांनी तो कोठून घेतला हे एका क्षणात उलगडले. मी ती दोनदा ऐकली. तिसऱ्यांदा लावणार तोच अंगणाचे फाटक वाजले. मी तबकडी उचलली, वेष्टन शोधू लागलो, आणि ती माझ्या हातून निसटून शहाबादी फरशीवर पडली. तिचे तीन तुकडे झाले. आवाज फार मोठा झाला नाही. फाटकात एक शेळी होती.

ते तुकडे मी मागल्या अंगणात लिंबाच्या झाडाखाली पुरले. रिकामे वेष्टन होते तसे पेटीत परत ठेवले, कारण ढीग कमी झालेला दिसू नये. इतकी अक्कल त्या वयात कोठून येते कोण जाणे. भूमितीत मात्र ती कधी उपयोगी पडली नाही.

नाताळात काका-काकू मुलांसह आले, चार दिवस राहून गेले. उन्हाळ्यात वडिलांनी पेटी उन्हात घातली तेव्हा मी जवळच होतो. त्यांनी ते वेष्टन उचलले, हाताने चाचपले, आत पाहिले आणि पुन्हा ठेविले. मजकडे वळूनही पाहिले नाही. मी सुटलो असे मला वाटले. नंतर विसरलो असेही म्हणता येईल. कारण त्यानंतर शाळा, महाविद्यालय, मिशनचे अध्यापक-विद्यालय या गडबडीत ती गोष्ट महिनोन् महिने आठवत नसे.

मी अनेक चित्रपट पाहिले, अर्थात घराबाहेर. आचार्य अत्र्यांचा 'श्यामची आई' वसतिगृहात पाहिला. १९५३ सालच्या या चित्रपटास सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. तो पाहून वसतिगृहातील धटिंगण मुलेही डोळे पुसत होती व एकमेकांस सर्दी झाल्याचे सांगत होती. संगीतही पुष्कळ ऐकले. लतादीदींनी श्रीनिवास खळ्यांच्या चालींवर गाइलेला 'अभंग तुकयाचे' हा संग्रह मी इतक्या वेळा ऐकला की फितीचा आवाज जाडाभरडा झाला. खळ्यांच्या चाली ऐकावयास सोप्या व म्हणावयास अवघड आहेत. आमच्या गायनमंडळास विचारा. आमच्या प्राचार्यांकडे हॅन्डेलच्या 'मसीहा'च्या तबकड्या होत्या. त्या रचनेचा पहिला प्रयोग डब्लिन येथे १३ एप्रिल १७४२ रोजी झाला व त्याच्या उत्पन्नातून कर्जापायी तुरुंगात पडलेले १४२ लोक सुटले, असे त्यांनी आम्हांस सांगितले होते. त्यातील सामुदायिक गान प्रथम ऐकले त्या दिवशी मी जेवलो नाही. वडिलांस मी हे पत्राने कळविले, तेव्हा त्यांनी उत्तरात लिहिले की संगीत उत्तम असेल, तथापि जेवण चुकवू नये.

बीजाच्या अभंगाविषयी खरा उलगडा मला त्याच काळात झाला. कुतूहलाने मी ग्रंथालयात तुकारामांची गाथा काढून तो शोधू लागलो. सापडेना. शेवटी ग्रंथपालांनी हसून सांगितले की, तो गाथेत नाहीच. तो शांताराम आठवले यांनी त्या चित्रपटासाठी लिहिला आहे, आणि केशवराव भोळे यांनी त्यास चाल लाविली आहे. भलेभले जाणकारही तो गाथेत शोधीत बसले होते म्हणे. मला मोठी मौज वाटली. चित्रपटात सालोमालो नावाचा बुवा तुकोबांचे अभंग आपल्या नावावर खपवितो. आणि पडद्यामागे एक कवी आपला अभंग तुकोबांच्या नावावर सोडून देऊन मोकळा होतो. आजोबांनी तो तुकोबांचा समजून प्रभूच्या दाखल्यास जोडला, आणि मी तो ख्रिस्ती समजून पाठ केला. त्यास चित्रपटात आणणाऱ्या दोघांतील एक साहेबमामा. आता तो कोणाचा म्हणावयाचा? मी हा प्रश्न आजोबांस विचारू शकलो असतो तर त्यांनी चंची पुढे केली असती, याविषयी मला शंका नाही.

२००४ साली मी नुकताच शिक्षक झालो होतो. त्या वर्षी 'श्वास' हा चित्रपट आला. 'श्यामची आई'नंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय मान पुन्हा मराठीस मिळावयास पन्नास वर्षे लागली, ती या चित्रपटाने संपविली. आमच्या शाळेने विद्यार्थ्यांस तो दाखविण्याचे ठरविले व मुलांवर देखरेखीस माणसे कमी पडू लागली. मी भीतभीतच वडिलांस विचारले. ते निवृत्त झाले होते. पुष्कळ वेळ विचार करून ते म्हणाले, "मुलांच्या शिस्तीसाठी येतो." वयाच्या चौसष्टाव्या वर्षी ते प्रथमच चित्रपटगृहात शिरले, आणि रांगेच्या टोकास छत्री उभी धरून बसले.

ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. कोकणातील एक आजोबा आपल्या नातवास डोळ्यांच्या उपचारासाठी शहरात आणतात. मुलाच्या डोळ्यांत कर्करोग आहे. शस्त्रक्रियेने जीव वाचेल, पण दृष्टी जाईल. आणि हे त्या मुलास शस्त्रक्रियेपूर्वी सांगितले पाहिजे. कोणी सांगावयाचे? कसे? सारा चित्रपट या एका प्रश्नावर उभा आहे. अरुण नलावडे यांनी केलेले ते आजोबा बोलू पाहतात व शब्द गिळतात. डॉक्टरही टाळतात. अखेर ते आजोबा नातवास रुग्णालयातून बाहेर नेतात आणि उद्या जे दिसणार नाही ते सारे आज त्यास दाखवितात. मी त्या अंधारात बसून चित्रपट पाहत होतो की फरशीवरचे तीन तुकडे, हे मला सांगता येत नाही.

मुलांस शाळेत पोहोचवून आम्ही दोघे पायी घरी निघालो. वडील चित्रपटाविषयी काही बोलत नव्हते. नदीच्या पुलावर आल्यावर मी त्यांस सर्व सांगितले: शनिवारची थाप, तबकडी, शेळी, लिंबाचे झाड. बारा वर्षांपूर्वीची पोराची चूक ऐकून ते हसतील, फार तर रागावतील, अशी माझी कल्पना होती. ते थांबले. कठड्यावर त्यांनी हात टेकला. मग म्हणाले, "मला वाटलं, ती दत्तूनं नेली."

दत्तू म्हणजे माझे काका. तबकडी नाही आणि वेष्टन आहे, हे पाहून वडिलांनी तर्क केला होता की मागून मिळाली नाही म्हणून भावाने नाताळात ती गुपचूप नेली. त्यांनी काकांस कधी विचारले नाही. घरात शब्द काढला नाही, कारण मुलांपुढे काकाची मान खाली होऊ नये. केवळ जाणे-येणे कमी केले. काकांच्या घरच्या दोन लग्नांस ते प्रकृतीचे निमित्त सांगून गेले नव्हते. ते सारे मला आठवू लागले. आम्हां मुलांस वाटे, मोठ्या माणसांची काही तरी शेतजमिनीची बाब असेल. आणि काका २००१ सालीच वारले होते.

मला मार बसला असता तर बरे झाले असते. वडील पुढे चालू लागले. घरी आल्यावर त्यांनी आईस एवढेच सांगितले की रविवारी उपासनेनंतर नगरास जावयाचे आहे, आणि हाही येईल.

काकूंनी चहा केला. वडिलांनी बशी खाली ठेवून सरळ सांगितले, "मी दत्तूवर आळ घेतला होता. मनातल्या मनात. तो खोटा होता." नंतर त्यांनी मजकडे पाहिले व माझा भाग मी सांगितला. काकू बराच वेळ पदराच्या टोकाशी चाळा करीत बसल्या. त्यांस राग आला असता तर आम्हांस अधिक सोपे झाले असते. त्या म्हणाल्या, "भाऊजी, एकदा विचारायचं होतं. ते रोज म्हणायचे, दादा का येत नाही, माझं काय चुकलं." वडिलांजवळ यावर उत्तर नव्हते, आणि मजजवळही नव्हते. आतल्या खोलीत काकूंची लहान नात कोणते तरी नवे सिनेमाचे गाणे मोठ्याने म्हणत होती. तिला कोणी गप्प केले नाही.

त्या दिवसापासून नगरास जाणे-येणे पुन्हा सुरू झाले. काकूंनी आम्हांस कधी टोमणा मारला नाही. पण तबकडीचा विषयही त्यांनी पुन्हा निघू दिला नाही. वडिलांनी चित्रपटाविषयी त्यानंतर वाईट शब्द काढला नाही. चांगलाही काढला नाही. 'श्वास' कसा वाटला, हे मी त्यांस दोन-तीनदा विचारले. "आवाज फार मोठा ठेवतात," एवढेच ते म्हणाले.

तो बीजाचा अभंग आता कोठेही ऐकावयास मिळतो. जुन्या बाजारात ती तबकडीही क्वचित येते असे एका स्नेह्याने सांगितले. मी ती घेतली नाही. लिंबाच्या झाडाखालची जागा मात्र मला नेमकी ठाऊक आहे. ते घर आता दुसऱ्यांचे आहे, झाड अजून आहे.

ग्रामोफोन माझ्याकडे आहे. त्याची कमान थोडी सैल झाल्यामुळे गाणे अखेरीस दमल्यासारखे संथ होते, तथापि चालतो. इंग्रजी स्तोत्रांच्या तबकड्याही आहेत, पेन्सिलीचे क्रमांक असलेल्या. नववीतील ज्या मंडळींस हसू आले होते, त्यांपैकी कोणास तो पाहावयाचा असल्यास शनिवारी दुपारी चारनंतर माझ्या घरी यावे. तबकडी हातात घ्यावयास देईन. मात्र घरी कोठे जातो ते खरे सांगून यावे.